‘आमच्यात भांडण नाही, फादर’



दिवाळी सरली की श्रीपूरच्या रस्त्याला उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागतात. पाळ्या बदलत राहतात, हवेत मळीचा वास असतो. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना आणि नंतर आलेला पांडुरंग सहकारी साखर कारखाना यांमुळे माळशिरस तालुक्यातल्या या गावाचे घड्याळ गळीत हंगामावर चालते. याच दिवसांत आम्ही, म्हणजे फादर, सिस्टर आणि सोबतचे धर्मशिक्षक, या पट्ट्यात घरभेटी करतो.

कोणती वस्ती, कोणते घर हे सांगत नाही. एका घरी बाजेवर बसून घरधनी बोलत होते. मुलांची शाळा झाली, उसाचा दर झाला, गुडघेदुखी झाली. निघताना आम्ही नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘घरात सगळे ठीक ना? भांडणतंटा काही?’’ ते हसून म्हणाले, ‘‘आमच्यात भांडण नाही, फादर. लग्नाला अठरा वर्षं झाली, एका शब्दानं नाही.’’ माउली चहाचे कप उचलत होती. ती काही बोलली नाही. फाटकापर्यंत पोचवायला आली तेव्हा मात्र सिस्टरना हळूच म्हणाली, ‘‘भांडण कसं व्हईल, सिस्टर? मी बोलतच न्हाई की.’’

त्या रात्री प्रार्थनेला बसलो, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. दोघांपैकी कोणालाच आम्ही खोटे म्हणणार नाही. त्यांना भांडण दिसलेच नव्हते. तिचे ते अठरा वर्षे चालूच होते, पण आतल्या आत. आज आपण या वाक्यावर थोडे मनन करू या.

कोयता एक, माणसे दोन

उसाच्या फडात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पहाटे अंधारात दोघेही फडावर असतात. तो तोडतो, ती पाला साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. त्याआधी भाकरी तिनेच थापलेल्या असतात आणि संध्याकाळी कोपीत परतल्यावर चूलही तिचीच असते. दोघांचा घाम मिळून एक कोयता होतो. मुकादमाची उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. उचल किती घेतली, किती फिटली, किती अंगावर राहिली, हे तिने विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळते, ‘‘तुला काय करायचाय हिशेब?’’

फडातल्या कोपीत जे उघड दिसते, ते पक्क्या घरात दाराआड असते, एवढाच फरक. कारखान्यात पाळीवर जाणारे, शाळेत शिकवणारे, पुण्याला नोकरीला गेलेली आपली मुले-सुना, कोणीही याला अपवाद नाही. दोघांचा पगार येतो, पण एटीएमचे कार्ड एकाच्याच खिशात असते. माहेरी जायचे तर एकाला विचारावे लागते, दुसऱ्याला नुसते सांगावे लागते. 

सत्ता म्हटली की आपल्याला आमदार-खासदार आठवतात. पण घरातही सत्ता असते. घरातली सत्ता म्हणजे राग आला की तो दाखवण्याची मोकळीक. ज्याला परिणामांची भीती नाही तो मोठ्याने बोलतो. ज्याला भीती आहे तो भांडी जोरात ठेवतो. आणि तिने भांडे आपटले की आपण म्हणतो, बाई भारी तापट.

इथे पुरुषांच्या बाजूनेही एक शब्द बोललाच पाहिजे. आपल्या समाजाने पुरुषाला राग करायची मुभा दिली, रडायची दिली नाही. उचल फिटेल की नाही ही धास्ती, मुकादमासमोर मान खाली घालावी लागली हा अपमान, पोराच्या फीची काळजी, यातले काहीही तो ‘मला भीती वाटते’ अशा शब्दांत सांगत नाही. तेच सगळे घरी येऊन भाजीतल्या मिठावरून बाहेर पडते. बाहेर ज्याला बोलता येत नाही, तो घरात दुसऱ्याचे बोलणे बंद करतो. ही साखळी कुठे तरी तुटली पाहिजे.

ज्याच्याशी बोलायची सोय नव्हती

पवित्र शास्त्रात अशा एका घराची गोष्ट आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय आज घरी काढून वाचा. नाबाल नावाचा धनवान माणूस होता. मेंढरांची लोकर कातरण्याचे, म्हणजे त्याच्या धंद्यातले सुगीचे दिवस होते. दावीदाची माणसे अन्न मागायला आली. त्यांनी रानात नाबालाच्या मेंढपाळांचे रक्षण केले होते, तरी त्याने त्यांचा पाणउतारा केला. दावीद सुमारे चारशे माणसे घेऊन तलवारीनिशी निघाला.

घरावर एवढे संकट आले, तरी नाबालाचा चाकर नाबालाकडे जात नाही. तो त्याच्या पत्नीकडे, अबीगईलकडे जातो आणि सांगतो की धनी असा आहे, त्याच्याशी कोणाला बोलायची सोयच नाही. अबीगईलही नवऱ्याला काही सांगत नाही. ती गाढवांवर भाकरी आणि अन्न लादून स्वतः दावीदाला सामोरी जाते आणि रक्तपात टाळते. परत येते, तर नाबाल मेजवानीत झिंगलेला असतो. ती सकाळपर्यंत थांबते, त्याची उतरू देते, मग बोलते.

या घरात त्या दिवशी नवरा-बायकोचे भांडण झालेले नाही. बाहेरून पाहणारा म्हणेल, काय सुखाचा संसार! पण जो माणूस आपल्याशी कोणाला बोलू देत नाही, त्याला आपल्या दारात उभे असलेले मरणही कोणी सांगत नाही. सत्तेची ही मोठी शिक्षा आहे. घरातल्या माणसांच्या शांततेवर खूश असलेल्या प्रत्येकाने, मग तो पती असो, सासू असो, कमावती सून असो की आम्हा धर्मगुरूंपैकी कोणी असो, स्वतःला विचारावे : माझ्या पाठीमागे माझ्या घरचे कोणाकडे जाऊन बोलतात?

अबोल्याचीही सत्ता असते

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे उलटे आहे. ओरडते ती, मी तर गप्प बसतो. खरे आहे, पुष्कळ घरांत असेच दिसते. १९९० साली अमेरिकेत अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि क्रिस्टोफर हेवी या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांच्या वादांचा अभ्यास केला. पत्नीला हवा असलेल्या बदलाचा विषय निघाला की ती मागणी करत राहते आणि पती अंग काढून घेतो, असे त्यांना दिसले. पण पतीला हवा असलेल्या बदलाचा विषय असला की दोघांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे कटकट हा बाईचा जन्मजात स्वभाव आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही. ज्याला आहे ती घडी सोयीची आहे, त्याला फक्त गप्प बसायचे असते. ज्याचे पाय त्या घडीत पोळतात, त्यालाच पुन्हा पुन्हा बोलावे लागते.

तेव्हा मौन दोन प्रकारचे असते. एक भीतीचे, फाटकाशी उभ्या असलेल्या त्या माउलीचे. दुसरे सत्तेचे : टीव्हीचा आवाज वाढवणे, गाडीची किल्ली उचलून चौकात जाणे, आठ-आठ दिवस अबोला धरणे, ताटावरून उठणे. हे दुसरे मौन काही वेळा बायकाही वापरतात. रुसून माहेरी बसणे, मुलांकरवी निरोप धाडणे, नवऱ्याच्या कमाईवरून चारचौघांत टोमणा मारणे, हीही हत्यारेच आहेत. ज्या घरात तिची कमाई मोठी आणि तो काम सुटून घरी बसलेला, तिथे त्याची जीभ बांधलेली असते. सत्ता कोणाकडे आहे हे घरोघरी पाहावे लागते. पण आपल्या समाजात ती बहुतेक घरांत कोणाकडे असते, हे आपण सगळे जाणतो. तिथे दोघेही सारखेच चुकतात असे म्हणून विषय टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पंढरपुरातली एक पत्नी

इथून फार दूर नाही, त्या पंढरपुरात काही काळ एक स्त्री नवऱ्यापासून वेगळी, नातलगांच्या आश्रयाने राहिली होती. त्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते प्रोटेस्टंट पंथात गेले, पण त्यांच्या कवितेवर सगळ्याच मराठी ख्रिस्ती माणसांचा जीव आहे. हा निर्णय दोघांनी मिळून घेतलेला नव्हता. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. टिळक मोठ्या मनाचे, पण तापट. हातातला पैसा जाईल त्याला देऊन टाकणारे आणि मनात आले की घराबाहेर पडणारे. संसाराची ओढाताण पत्नीच्या वाट्याला येई.

त्या काळी पतीचा शब्द म्हणजे कायदा. पण टिळकांनी आपला नवा धर्म पत्नीवर लादला नाही. ते वाट पाहत राहिले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, तेव्हाही सुरुवातीला त्यांनी आपले सोवळे सांभाळले. अखेर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाने. मोठा निर्णय एकट्याने घेऊन टिळकांनी जे दुःख दिले ते आम्ही झाकत नाही. पण जबरदस्ती करण्याची संधी हातात असताना ते पाच वर्षे थांबले, हेही तितकेच खरे आहे.

टिळक १९१९ साली वारले. पुढे १९३४ पासून लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. नवऱ्याचा संताप, स्वतःचा संताप, रुसवे, पैशावरून झालेली भांडणे, सगळे त्यांनी हसत-हसवत, काही न लपवता लिहिले आहे. ज्या पतीने त्यांना लिहा-वाचायला शिकवले, त्याच्याच चुका त्यांनी त्या अक्षरांत मांडल्या. आणि गंमत अशी की वाचणाऱ्याच्या मनात टिळकांविषयीचे प्रेम त्यामुळे वाढतेच. खरे बोलल्याने पतीची शोभा जाते असे आपल्याला वाटते. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात टिळकांची शोभा गेलेली नाही. बोलू शकणाऱ्या पत्नीच्या शब्दांतच तिच्या प्रेमाचीही खरी साक्ष मिळते. जी बोलूच शकत नाही, तिच्या ‘हो’ला किती किंमत?

खाली वाकणारा वर

विवाहाच्या मिस्सेत संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय आपण अनेकदा ऐकतो. पत्नीने पतीच्या अधीन असावे, एवढेच पुष्कळांच्या लक्षात राहते; काही जण भांडणात ते पाठ म्हणूनही दाखवतात. पण त्याच्या आधीच्या ओळीत, एकविसाव्या वचनात, ख्रिस्ताविषयीच्या आदराने सर्वांनी एकमेकांच्या अधीन व्हावे असे पौल सांगतो. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ सालच्या ‘मुलिएरिस दिग्नितातेम’ या पत्रात हेच स्पष्ट केले : विवाहातले अधीन होणे एका बाजूचे नाही, ते परस्परांचे आहे. आणि पतीला पौल काय सांगतो? ख्रिस्ताने ख्रिस्तसभेसाठी स्वतःला दिले तसे दे. हुकूम चालवण्याचा परवाना त्यात कुठेही नाही.

प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री काय केले ते पाहा. पिता परमेश्वराने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे त्याला माहीत होते, असे संत योहान तेराव्या अध्यायात मुद्दाम सांगतो. हाती सर्व सत्ता असताना तो उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. पेत्राने आक्षेप घेतला. येशूने त्याला बोलू दिले, उत्तर दिले. ज्याच्या हाती जास्त आहे त्याने आधी वाकायचे, हा ख्रिस्ती घराचा नियम आहे.

पवित्र कुटुंबातही हेच दिसते. मरियेच्या पोटी बाळ आहे हे कळले तेव्हा कायदा योसेफाच्या बाजूने होता. तिला चव्हाट्यावर आणण्याचा हक्क त्याने वापरला नाही. आणि मंदिरात बाळ येशू तीन दिवसांनी सापडला, तेव्हा मरिया गप्प राहिली नाही. आम्ही किती दुःखी होऊन शोधत होतो, हे तिने आपल्या आणि योसेफाच्या वतीने सर्वांसमोर बोलून दाखवले. ज्या घरात योसेफासारखा पुरुष असतो, त्या घरात मरियेला मनातले बोलता येते.

आमची चूक

आता आम्हाला आमच्याविषयी बोलले पाहिजे. वर्षानुवर्षे बायका आमच्याकडे रडत आल्या. आम्ही काय सांगितले? ‘‘सहन कर, माउली. हा तुझा क्रूस आहे. प्रार्थना कर, तो सुधारेल.’’ अविवाहित असूनही आम्ही संसारावर सल्ले दिले, आणि बोलायला आलेल्या बाईला पुन्हा गप्प करून घरी पाठवले. नवऱ्याला बोलावून विचारण्याचे धाडस कमी वेळा केले, कारण त्याच्याशी आमची ओळख होती, सणाच्या तयारीत त्याचा हातभार होता. याबद्दल आम्ही तुमच्यासमोर आणि परमेश्वरासमोर क्षमा मागतो.

क्रूस माणूस स्वतःच्या इच्छेने उचलतो. दुसऱ्याच्या पाठीवर काठीने लादलेल्या ओझ्याला क्रूस म्हणू नये. संसारातले भांडण आणि मारहाण यांत फरक आहे, तो स्पष्ट सांगतो. जोडीदारामुळे आत्म्याला किंवा शरीराला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास ते योग्य कारण आहे, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ११५३वे कलम म्हणते. थांबण्यात धोका असेल तर बिशपांच्या परवानगीची वाटही पाहावी लागत नाही. देशाचा कायदाही आहे. २००५ साली मंजूर झालेला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा मारहाणीबरोबर शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशाची कोंडी यांनाही हिंसाच मानतो. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२ हे क्रमांक घरात लिहून ठेवा. आणि आमचे दार वाजवा. यापुढे ‘सहन कर’ हे आमचे पहिले उत्तर नसेल.

या आठवड्यात

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात जोडप्यांना अगदी साधे सांगितले : समोरच्याचे मनातले सगळे सांगून होईपर्यंत ऐका, मगच आपले मत द्या, आणि मनात राग ठेवून दिवस संपवू नका. हे आपल्या घरात कसे करायचे?

ज्याच्या हातात घरचे पैसे असतात, त्याने या आठवड्यात जमाखर्च जोडीदारासमोर मांडावा. उचल असेल तर उचलीचाही. हिशेब उघडला की अर्धी भीती जाते.

एक संध्याकाळ, टीव्ही आणि मोबाईल बंद करून, ज्याचा आवाज घरात मोठा आहे त्याने विचारावे : ‘‘मला सांगायला तुला भीती वाटते असे काय आहे?’’ आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे. कदाचित पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. अठरा वर्षांचे कुलूप एका संध्याकाळी उघडत नाही. मिळाले, तर त्याच्यावर लगेच खुलासा देऊ नये आणि पुढच्या भांडणात ते हत्यार म्हणून वापरू नये. दारू पोटात असताना तर हा विषय काढूच नये. अबीगईलही सकाळपर्यंत थांबली होती.

राग अनावर झाला तर बाहेर जरूर जा, पण ‘तासाभरात येतो, मग बोलू’ एवढे सांगून जा, आणि खरेच या. परत येणाऱ्याच्या मौनाची भीती वाटत नाही.

आणि प्रायश्चित्त संस्काराला याल तेव्हा ‘मी रागावलो’ एवढ्यावर थांबू नका. ‘माझ्यामुळे माझ्या घरात कोण बोलायचे थांबले?’ हाही प्रश्न विवेकपरीक्षेत घ्या.

पुढच्या हंगामात आम्ही पुन्हा त्या घरी जाऊ. त्या वेळी घरधन्याने ‘‘फादर, हल्ली आमच्यात थोडं भांडण होतं’’ असे सांगितले, तर आम्ही परमेश्वराचे आभार मानू. त्या घरात दोन माणसे बोलू लागली, असा आम्ही त्याचा अर्थ घेऊ.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, सर्व सत्ता तुझ्या हाती असताना तू शिष्यांच्या पायाशी बसलास. आमच्या घरांत ज्यांचा आवाज मोठा आहे त्यांना ऐकण्याची नम्रता दे. ज्यांचे शब्द घशात अडकले आहेत त्यांना धैर्य दे, आणि त्यांचे ऐकणारे कोणी तरी दे. मारहाण सोसणाऱ्यांना सुरक्षित आसरा दे आणि तो आसरा देण्याचे बळ आम्हाला दे. पवित्र मरिये आणि संत योसेफा, आमच्या कुटुंबांसाठी विनंती करा. आमेन.